काजवे बघायला गेलो आणि हेडलाइट बघून आलो

मुक्ता_ठाणे (सोमवार, रात्री १०.५०)

मागच्या शनिवारी भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. दोन गाड्या, सात माणसं, त्यात तीन पोरं. लेकीला वर्षभर कबूल केलं होतं. घोटी सोडलं आणि बारीच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली. अंधार पडायच्या आत पोचू म्हणता म्हणता धरणाजवळचं शेंडी गाव गाठायला साडेनऊ वाजले.

पुढचं लिहायला लाज वाटते. झाडं होती, काजवेही होते. एका सादड्यावर तर असे लुकलुकत होते की तिन्ही पोरं गप्प झाली. पण दहाच सेकंद. मागून आलेल्या गाडीने वळण घेतलं, झोत झाडावर पडला आणि अख्खं झाड विझलं. ती गाडी गेली, पाचेक मिनिटांनी कुठे दोन-चार टिमटिमायला लागले, तर पुढची गाडी. शेजारी एक जण मोबाइलचा टॉर्च झाडावर मारून "दिसतायत का रे?" विचारत होता. तंबूंच्या बाजूला स्पीकर चालू. मादी काजवे खाली गवतात बसतात हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. आम्ही फोटो नीट यावा म्हणून त्याच गवतात तासभर उभे होतो.

आणि आमच्याही गाडीला दिवे होतेच की. आमच्या आधी पोचलेल्यांचं झाड आम्ही विझवलं असणार.

मी सोसायटीत ओला-सुका कचऱ्यावरून भांडणारी बाई आहे. त्या दिवशीही घरून स्टीलच्या बाटल्या नेल्या, डबे नेले, चार प्लास्टिकच्या बाटल्या वाचवल्या म्हणून जरा ऐटीतच होते. परतताना कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये दीड तास इंजिन चालू ठेवून बसलो तेव्हा डोक्यात आलं, की मी नेमकं काय वाचवलं? रोजच्या सवयी आणि सुट्टीतली हौस यांचा हिशेब कुणी मांडून दाखवेल का? टोमणे चालतील. उपदेश नको, तो मीच सोसायटीत करते.

रोखठोक (सोमवार, रात्री ११.०५)

आला का वार्षिक अपराधगंडाचा धागा! ताई, औष्णिक केंद्रं कोळसा जाळतात, कारखाने नद्या नासवतात, आणि आपण पोरांना काजवे दाखवल्याबद्दल आत्मक्लेश करायचा? तुम्ही घरी बसलात तरी बाकीच्या दोन हजार गाड्या जाणारच होत्या.

हिशेबनीस (मंगळवार, सकाळी ७.१०)

>>हिशेब कुणी मांडून दाखवेल का?<<

आमचं आवडतं काम. आकडे ढोबळ आहेत, पण कोण मोठं कोण लहान हे कळायला पुरेत.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. (लिटरभर पेट्रोल पाऊण किलोचं, मग धूर सव्वादोन किलो कसा असं दर वेळी कुणीतरी विचारतं. हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून.) ठाणे ते शेंडी जाऊन-येऊन ३०० किलोमीटर धरू, गाडी लिटरला १५ देते असं धरू. २० लिटर, म्हणजे ४६ किलो. घाटात उभं राहून जाळलेलं वेगळं. तुमच्या दोन गाड्या होत्या, तेव्हा ९२.

आता घरातलं. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर पूर्ण जळला की ४२ किलोच्या आसपास. म्हणजे एका गाडीची एक फेरी म्हणजे एक सिलिंडर आणि वर थोडं. वीज: आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची. दीड टनी जुना एसी रात्रीचे आठ तास चालला तर आठेक युनिट, साडेपाच किलो. थोडक्यात, काजव्यांची एका गाडीची फेरी म्हणजे एसीच्या आठ रात्री. मे महिन्यात आपण तीस रात्री लावतो आणि त्यावर धागा निघत नाही.

तुमच्या चार बाटल्या? रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची असते. चौघींचा मिळून अर्धा किलो धूर झाला तर खूप. नद्या-गटारांसाठी बाटली न घेणं योग्यच आहे. पण हवेच्या खात्यात तिची जमा इतकी किरकोळ, की घाटातल्या दीड तासात ती कधीच खर्ची पडली.

आणि रोखठोक, औष्णिक केंद्र हौसेने कोळसा जाळत नाही. तुमचा-माझा एसी चालू असतो म्हणून जाळतं.

वाटाड्या (मंगळवार, सकाळी ९.२५)

एसटीचा आकडाही टाका हिशेबनीस. आणि इलेक्ट्रिक गाडीचा, नाहीतर इथे कुणीतरी तेवढ्यासाठीच आयडी काढेल.

हिशेबनीस (मंगळवार, सकाळी ९.५०)

एसटी डिझेलवर लिटरला साडेचार धावते असं धरा. ३०० किलोमीटरला ६७ लिटर, लिटरला २.७ किलो, म्हणजे १८० किलो. चाळीस माणसं बसली तर माणशी साडेचार. कारमध्ये चौघं असतील तर माणशी साडेअकरा. एकटाच गेलात तर ४६. म्हणजे भरलेली कार काही राक्षस नाही, रिकामी कार आहे. शिवाय एसटी तुम्ही नसलात तरी जाणारच असते.

इलेक्ट्रिक गाडी युनिटला सातेक किलोमीटर देते. ४३ युनिट, ३० किलो. पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, शून्य नाही. हेडलाइट मात्र तेवढेच प्रखर.

नीलाक्षी (मंगळवार, दुपारी १२.३०)

मुक्ता, अगं कचऱ्याचं भांडण सोडू नकोस हां, या आकड्यांनी खचून जाऊन. ओला कचरा डंपिंगवर दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली होती, आठवतंय? मी तेव्हा चेंबूरला राहत होते. खिडक्यांना ओले पंचे लावून बसलो होतो. तो सगळा आपल्याच घरातला कचरा. घरी गच्चीवर किंवा सोसायटीत खत केलं की तेवढा भाग तिथे जातच नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. घरोघरचं आरओ, ते पाणी शुद्ध करायचं यंत्र. धरणाचं पाणी मुळात गोडं, त्यात क्षार कमी. त्यालाही आपण आरओतून काढतो आणि एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर गटारात सोडतो. २०१९ मध्ये हरित लवादानेच म्हटलं होतं की जिथे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ नकोच. आमच्याकडे विक्रेत्याने एक कांडी पाण्यात बुडवून काळा-पिवळा गाळ काढून दाखवला होता. सासूबाई घाबरल्या आणि यंत्र घेतलं. ती विजेची कांडी कोणत्याही नळाच्या पाण्यात तसंच दाखवते हे नंतर कळलं. आता नळीखाली बादली ठेवते, त्या पाण्याने लादी पुसते.

आणि संक्रांतीचं वाण! प्लास्टिकची डबी, प्लास्टिकची चाळणी, प्लास्टिकचा सोपकेस. माझ्याकडे एकोणीस सोपकेस आहेत. घरात साबणाच्या वड्या तीन.

मुक्ता_ठाणे (मंगळवार, दुपारी १.०५)

नीलाक्षी, सोपकेस वाचून हसले, मग कपाट उघडलं. सात.

जुनं_खोड (मंगळवार, दुपारी ४.४०)

आमच्या वेळी सुट्टी म्हणजे मामाचं गाव. लाल डबा, त्यावर ट्रंक, खिडकीतून येणारी धूळ. महिनाभर एकाच ठिकाणी राहायचो. विहिरीत पोहायचं, आंबे खायचे, अंगणात झोपायचं. काजवे बघायला कुठे जावं लागत नसे, ते परसात असत. आता चार दिवसांत पाच ठिकाणं 'कव्हर' करतात. आमच्या पिढीला निसर्ग कळत होता.

हिशेबनीस (मंगळवार, संध्याकाळी ५.१५)

काका, आदर ठेवून एक सांगतो. ते निसर्गप्रेम नव्हतं, खिसा रिकामा होता. पैसे आले तशी त्याच पिढीने युरोपची बारा दिवसांची सहल घेतली, माझ्या आई-वडिलांसकट. आणि तिथेच खरा आकडा दडलाय. मुंबईहून युरोपला जाऊन-येऊन साध्या वर्गात माणशी एक ते दीड टन. आपल्या देशात दरडोई वर्षभराचा कार्बन डायऑक्साइड दोन टनांच्या आसपास आहे. चौघांचं कुटुंब गेलं तर चार ते सहा टन, म्हणजे शंभराहून जास्त सिलिंडर. घरात दहा-बारा वर्षं जो स्वयंपाक होतो तेवढं एका सुट्टीत.

पण महिनाभर एकाच जागी राहायचं, हे तुमचं म्हणणं सोन्यासारखं आहे. मुळात प्रवासाचा धूर राहण्याच्या धुरापेक्षा मोठा. तीन-तीन दिवसांच्या चार सहलींपेक्षा बारा दिवसांची एक सहल, एवढ्यानेच पाऊण भार उतरतो.

जुनं_खोड (मंगळवार, संध्याकाळी ५.४०)

खिसा रिकामा होता हे खरं. पण परसात काजवे होते हेही खरं.

स्टुटगार्टकर (मंगळवार, रात्री ९.२०, आमच्याकडे संध्याकाळ)

वर सगळं वाचलं आणि माझं पितळ उघडं करावंसं वाटलं. मी इथे कार घेतली नाही. ऑफिसला सायकलने जातो, पाऊस असला तर ट्रॅमने. २०२३ च्या मे महिन्यापासून इथे महिन्याचा एकच पास निघाला, सुरुवातीला ४९ युरोचा. त्यावर देशभरच्या साध्या गाड्या आणि बस चालतात. मागच्या तीन सुट्ट्या त्याच पासावर काढल्या. घरात कचऱ्याचे चार डबे, काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकतो. शेजारची म्हातारी मला आदर्श रहिवासी मानते.

आणि दर डिसेंबरला विमानाने मुंबई. हिशेबनीसांच्या त्या एक ते दीड टनात वर्षभराची माझी सायकल वाहून जाते. पण आई डोंबिवलीत एकटी असते. तिला 'कार्बनमुळे यंदा येत नाही' असं मी सांगणार नाही. एवढंच केलं, की आधी दोनदा दहा-दहा दिवस यायचो, आता एकदाच येतो आणि महिनाभर तिथूनच काम करतो. आईला तेच जास्त आवडलं.

रोखठोक (मंगळवार, रात्री ९.५५)

म्हणजे शेवटी सगळे आपल्याला जमेल तेवढंच करणार आणि इथे येऊन लिहिणार. माझंही तेच म्हणणं होतं की. हलकेच घ्या.

शेंडीकर (बुधवार, सकाळी ६.३०)

नमस्कार. मी त्याच भागातला. दोन दिवस वाचत होतो, म्हटलं लिहावं.

तुम्ही सगळे कार्बन कार्बन करताय. आमच्याकडं कार्बन दिसत नाही, लाइट दिसते. काजव्यांचं आयुष्य तुम्हाला माहीत नसंल तर सांगतो, थोडं वनखात्याच्या प्रशिक्षणात कळलं, थोडं आधीपासून ठाऊक. काजव्याची अळी जवळजवळ वर्षभर ओलसर मातीत, पाचोळ्यात राहते, गोगलगायी खाऊन जगते. पंख फुटलेला काजवा फक्त दोन-तीन आठवड्यांचा. वळवाचे दोन पाऊस पडले की मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर येतो. नर चमकतो, खाली बसलेली मादी बघून उत्तर देते, मग जोडी जमते. तेवढ्याच रात्री त्याच्याकडं असतात. आता त्या रात्रीत शनिवार-रविवार किती येतात? दोन, नाहीतर तीन. आणि सगळी मुंबई-पुणे-नाशिक त्याच दोन शनिवारी येते. झोत पडला की नर चमकणं थांबवतो. चमकला नाही तर जोडी नाही, अंडी नाहीत. पुढच्या वर्षीचे काजवे यंदाच्या अंधारात तयार होतात, असं मी पाहुण्यांना सांगतो.

आता दुसरी बाजू. आमच्या वाडीतले लोक उन्हाळ्यात नारायणगावला रोजावर जात. बसस्टँडवर उभं राहायचं, बागायतदार येऊन निवडून नेणार. काजव्याच्या तीन आठवड्यांत आता घरातली बाई पिठलं-भाकरी विकून आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, खताचे पैसे काढते. त्यामुळं 'पर्यटन बंद करा' म्हणणारा आला की वाडीत त्याला कुणी पाणी विचारत नाही. पण मोठे तंबू लावणारे पुष्कळ बाहेरचे. जागा आमची, भाडं ठरलेलं, स्पीकर त्यांचा, कचरा आमच्याकडं. वनखातं नाक्यावर पावती फाडतं, वेळेची बंधनं घालतं, गाड्या अडवतं. पण दोन हजार गाड्यांपुढं चार वनरक्षक काय करणार?

अजून एक. धरण आमच्या उशाला, १९२६ चं, इंग्रजांनी बांधलेलं. पाणी प्रवरेनं खाली जातं, संगमनेर-राहात्याच्या उसाला. आमच्या वरच्या वाड्यांना मेमध्ये बाया दोन हंडे घेऊन डोंगर उतरतात. आणि तंबूतला पाहुणा विचारतो, शॉवरला प्रेशर का नाही. ताई, तुम्ही डबे घरून आणले हे वाचून खरं सांगू का, मला वाईट वाटलं. डबा घरचा, पेट्रोल घोटीच्या पंपाचं. आमच्याकडं तुमचा धूर आणि उजेड राहिला, पैसा नाही राहिला.

मुक्ता_ठाणे (बुधवार, सकाळी ८.१५)

दादा, हे टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. डबे नेले म्हणजे आपण गावावर भार टाकला नाही असं मला वाटत होतं. खरंच, जेवण तुमच्याकडे घ्यायला हवं होतं आणि गाडी घरी ठेवायला हवी होती. मी नेमकं उलटं केलं.

वाशिष्ठी (बुधवार, सकाळी ११.२०)

शेंडीकर, तुमचा प्रतिसाद वाचून वेळास आठवलं. मंडणगड तालुक्यातलं गाव, ऑलिव्ह रिडले कासवांचं. आमच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं. त्याआधी लोक घरटी उकरून अंडी खायचे, विकायचे. मग गावातल्याच माणसांनी पहाटे किनारा धुंडाळून अंडी जाळीच्या आत सुरक्षित वाळूत हलवायला सुरुवात केली. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी त्यांना समुद्राकडे सोडतात. दोरीच्या मागे उभं राहून बघायचं. फ्लॅश नाही, हातात घ्यायचं नाही.

तिथेही उजेडाचाच प्रश्न. पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं, आणि निसर्गात रात्री ते क्षितिज समुद्राचं असतं. किनाऱ्यावर दिवे लागले तर ते उलट रस्त्याकडे येतं. दापोलीच्या बाजूला लोक चारचाकी थेट वाळूत घालतात, चाकं रुतली की जेसीबी बोलावतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत कासवाचं घरटं असतं हे त्यांच्या गावीही नसतं.

वेळासला राहायची सोय लोकांच्या घरातच. केळीच्या पानावर जेवण, माजघरात सतरंजी. पैसा घरात जातो, म्हणून घरं कासवं राखतात. मला हे मॉडेल काजव्यांना जमेल असं वाटतं. एक अडचण आहेच: पिल्लं निघाली नाहीत तर शहरी पाहुणा चिडतो. मी कानांनी ऐकलंय, "पैसे भरलेत, आज कासव का नाही?"

सातारकर_७ (बुधवार, दुपारी ३.५५)

कास पठाराचं सांगतो. पश्चिम घाटाची ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास. त्याआधीही गर्दी होतीच, नंतर विचारू नका. लोक फुलांत लोळून फोटो काढायचे. खडकावर मातीचा थर बोटभर, त्यात कवला, गेंद, सीतेची आसवं. सीतेची आसवं तर कीटकभक्षी, पाय पडला की संपलं. मग दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, गाड्या लांब लावून पुढे बस. कुरकुर झाली, पण चालतं.

तरी सगळंच सरळ नाही. मध्यंतरी कुंपण घातलं, पुढे काढलं. गुरं बंद झाली की गवत माजतं आणि फुलं दबतात, असं जुने गुराखी सुरुवातीपासून सांगत होते. पर्यटकापासून वाचवताना गुरालाही बाहेर काढलं की पठारच बदलतं. म्हणून मला हिशेबनीसांच्या आकड्यांचा थोडा राग येतो. ४६ किलो कुठेही सोडा, आभाळाला सारखेच. पण कासवर एक पाऊल कुठे पडलं याला किलोत काय मोजणार?

हिशेबनीस (बुधवार, संध्याकाळी ६.१०)

बरोबर बोललात. दोन वह्या आहेत. एक आभाळाची, ती माझी. तिच्यात गाव नसतं, फक्त किलो. दुसरी जागेची, तिच्यात शेंडीचा सादडा, वेळासची वाळू, कासचा बोटभर थर. एका वहीतली जमा दुसरीत वळती होत नाही. मी बसने गेलो आणि गवतात उभा राहिलो तर दुसऱ्या वहीत नावे पडलंच. स्टुटगार्टकर दोन्हीकडे सज्जन, फक्त डिसेंबरात पहिल्या वहीत भला मोठा खड्डा पाडतात. आणि मुक्ताताई भांडत होत्या ती कचऱ्याची तिसरीच वही.

मी स्वतः आजवर फक्त पहिली लिहीत होतो. शेंडीकरांचं वाचेपर्यंत दुसरी आहे हे डोक्यात नव्हतं.

रोखठोक (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

आता गंभीर होतो. शेंडीकर म्हणतात तसं दोन शनिवारी सगळी गर्दी, मग उपाय माणसाच्या सद्सद्विवेकावर कशाला सोडायचा? कासला मर्यादा घातली तशी घाला. घोटीला आणि राजूरला वाहनतळ करा, पुढे एसटी. नोंदणी नसेल तर नाक्यावरून परत. मुक्ताताई शहाण्या झाल्या म्हणून दोन हजार गाड्या कमी होणार नाहीत. हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो, जरा वाकड्यात.

नीलाक्षी (बुधवार, संध्याकाळी ६.४५)

जरा?

शेंडीकर (बुधवार, रात्री ८.२०)

रोखठोक साहेब, तुमचं पटलं. ग्रामसभेत आम्ही हेच मांडलं होतं. विरोध गावातूनच झाला, ज्यांची जागा पार्किंगला जाते त्यांच्याकडून. एका गाडीचे शंभर रुपये मिळतात त्यांना. त्यांचंही चूक नाही, पण बोलणं तिथंच अडकलं. यंदा पुन्हा मांडू.

मॉडरेटर (बुधवार, रात्री ८.५०)

मधले चार प्रतिसाद उडवले आहेत. कोणत्या सरकारने काय केलं यासाठी वेगळा धागा आहे. इथे काजवे.

मुक्ता_ठाणे (गुरुवार, सकाळी ९.३०)

शेंडीकर दादा, लेकीची शाळा अजून सुरू व्हायची आहे. सोमवारी किंवा मंगळवारी आम्ही दोघीच येऊ म्हणते. नवऱ्याला सुट्टी नाही, म्हणजे गाडीही नाही. ठाण्याहून इगतपुरीपर्यंत रेल्वे, तिथून पुढे कसं यायचं? काजवे अजून असतील ना? आणि जेवण तुमच्याकडेच.

शेंडीकर (गुरुवार, सकाळी १०.१०)

या की. पाऊस नीट लागला तर काजवे कमी होतील, पण सोमवारपर्यंत असावेत. इगतपुरीहून घोटी, मिळंल त्या जीपनं. घोटीच्या स्टँडवरून राजूर-अकोलेकडची एसटी धरा, शेंडीला उतरा. तुम्हा दोघींना अर्धंच तिकीट. शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नका, दुपारी तीनच्या आत घोटीला या. अंधार पडल्यावर मी तुम्हाला पायवाटेनं नेईन, रस्त्यापासून लांब. सोमवारी तिकडं आपण आणि बेडूक, बाकी कुणी नसतं. बूट घाला, गवतात शिरायचं नाही, दगडावर बसायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर मोबाइल खिशात. बॅटरी आणलीत तर काचेवर लाल कागद लावून आणा. लाल उजेडाचा त्यांना त्रास कमी होतो.

मुक्ता_ठाणे (गुरुवार, सकाळी १०.२५)

लाल कागद म्हणजे कोणता? पतंगाचा चालेल?

नीलाक्षी (गुरुवार, सकाळी १०.३१)

पतंगाचा नको, उजेड पांढराच झिरपतो. स्टेशनरीच्या दुकानात जिलेटिन पेपर म्हणून माग, दोन पदर करून रबरबँडने लाव. माझ्याकडे वाणात आलेल्या एका टोपलीला गुंडाळलेला आहे, हवा तर संध्याकाळी येऊन घेऊन जा. सोपकेसही ने चार.